माळ्यावर शेकलेल्या पट्ट्या

आमच्या साहेबांचा आवाज काढायचा तर आधी नाक थोडं वर करायचं, भुवया त्याच्या मागोमाग न्यायच्या, आणि सर्दी झाल्यासारखं म्हणायचं, "ॲक्च्युअली, आपण काय करूयात..." बस. पुढचं वाक्य आलं नाही तरी चालतं. पुढे आपण काहीच करत नसतो, ते मी करत असतो.

मला बरेच आवाज येतात. शाळेचे हेडमास्तर, जव्हारच्या डेपोत गाड्या पुकारणारा कंट्रोलर, माझी आई फोनवर मोठ्या माणसांशी बोलते तेव्हाची. पण साहेबांच्या आवाजावर मी मेहनत घेतली नाही. तो इतका पोकळ होता की एकदा ऐकला आणि बसला.

मी जव्हारचा. बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास. साहेब शहरातून आलेले. त्यांच्या संस्थेने आमच्या नि मोखाड्याच्या पाड्यांवर सिकलसेल तपासायचं काम घेतलं होतं आणि मला सहा महिन्यांच्या करारावर ठेवलं होतं. कागदावर मी 'फील्ड कोऑर्डिनेटर'. म्हणजे रक्त तपासायच्या पट्ट्यांचा डबा उचलायचा आणि साहेबांचं मराठी लोकांना मराठीत सांगायचं. तिसरा माणूस ड्रायव्हर. तो खोडाळ्याचा, दिवसाला आठ-दहा वाक्यं बोलायचा आणि त्यातली सहा गिअरला उद्देशून असायची.

सिकलसेल आमच्याकडे कोणाला नवीन नाही, फक्त नाव नवीन आहे. रक्तात हिमोग्लोबिन नावाचं प्रोटीन असतं, ते श्वासातला ऑक्सिजन अंगभर पोचवतं. सिकलवाल्याच्या हिमोग्लोबिनला एका जागी, समजा, चिकट बोट असतं. ऑक्सिजन धरलेला असेपर्यंत ते बोट लपलेलं राहतं. ऑक्सिजन सोडला की बाहेर येतं आणि शेजाऱ्याला धरतं. शेजारी पुढच्याला धरतो. अशी लांब कांडी तयार होते, आणि गोल पेशी आतून ताणून विळ्यासारखी होते. असे विळे बारीक नसांमध्ये अडकले की माणूस हाडातून ओरडतो. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतली गर्दी दाटते आणि हे सगळं आणखी लवकर होतं.

हे मी पोरांना एकमेकांची बोटं धरायला लावून दोन मिनिटांत समजवायचो. साहेबांकडे यासाठी अठ्ठावीस स्लाइड होत्या, इंग्रजीत. वांगणी नावाच्या पाड्यावर त्यांनी त्या लॅपटॉपवर दाखवल्या. बाया लांबून बघत होत्या, त्यांना स्क्रीनमध्ये स्वतःचीच तोंडं दिसत होती. एकीने पदर नीट केला.

"आणि या टेस्टमध्ये," साहेब म्हणाले, "नॅनो-गोल्ड आहे. सोन्याचे नॅनोपार्टिकल्स."

बाकीचं सगळं वाऱ्यावर गेलं, 'सोनं' तेवढं राहिलं. माझी मावशी वांगणीलाच दिलेली. ती पुढेच बसली होती. तिने मला विचारलं, "यात सोना हाय?"

"हाय मावशी. पण डोळ्याला दिसणार नाय इतका बारीक."

"मंग काय कामाचा," ती म्हणाली. पण डब्याकडे बघायची तिची नजर बदलली.

मावशीला मी खोटं सांगितलं नव्हतं. पट्टीवर जी लाल रेघ उमटते ती खरोखर सोन्याची असते. सोन्याचा कण अगदीच बारीक केला की तो पिवळा दिसत नाही, लाल दिसतो. त्या कणावर एक प्रोटीन चढवलेलं असतं, गोधडी पांघरल्यासारखं. ते प्रोटीन रक्तातलं हिमोग्लोबिन ओळखून धरतं, दोघं मिळून पट्टीवरून सरकत जातात आणि ठरलेल्या जागी अडकतात. पुष्कळ कण एका जागी अडकले की रेघ. आमच्या पट्टीवर तीन जागा होत्या. एक रेघ पट्टी चालू आहे हे सांगणारी, एक चांगल्या हिमोग्लोबिनची, एक सिकलची.

कॉलेजात हा सोन्याचा धडा आम्हाला होता. प्रयोग मात्र फळ्यावर. सोनं कोण आणणार? सर लाल खडूने चंचुपात्र रंगवायचे, मग "मीठ टाकलं" म्हणायचे आणि वरून निळा खडू फिरवायचे. कण एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले की रंग लालाचा निळा-जांभळा होतो. मग जिलेटीन. जिलेटीन म्हणजे प्रोटीनच. ते आधी घातलं तर कणांवर पांघरूण बसतं आणि मीठ टाकलं तरी गठ्ठा होत नाही. लाल खडू संपला त्या दिवशी सरांनी पांढऱ्याने काढलं आणि म्हणाले, "हे लाल आहे असं समजा." आम्ही समजलो. परीक्षेतही समजूनच लिहिलं.

वांगणीत त्या पहिल्या खेपेला तपासणी झालीच नाही. स्लाइड संपेपर्यंत पाऊस इतका वाढला की ड्रायव्हर दाराशी येऊन म्हणाला, "आता निघालो तर निघालो." रस्त्याचा अर्धा भाग ओढ्याने आधीच खाल्ला होता, जीपमध्ये पाणी शिरलं तर डबा भिजणार होता, आणि परत तर यायचंच होतं. साहेबांनी डबा इथेच ठेवायचं ठरवलं.

"ॲक्च्युअली, आपण काय करूयात, हा कोणाच्या तरी घरी ठेवूयात. फक्त ओलावा लागता कामा नये. मॉइश्चर इज द एनिमी."

मी ते मराठीत आणलं. "मावशी, डबा तुझ्याकडं ठेव. वल लागाय नको."

मावशीच्या घरी ओलाव्यापासून जपायच्या वस्तूंची एक जागा आहे. चुलीच्या बरोबर वर बांबूचा माळा. पुढच्या सालाचं नागलीचं बियाणं तिथे, वरई तिथे, सुके मासे तिथे. खाली दिवसभर चूल, वर धूर नि ऊब. पावसाळ्याचे चार महिने सगळं घर घाम फुटल्यासारखं ओलं असतं, पण माळ्यावरच्या बियाण्याला बुरशी शिवत नाही. मावशीने बियाण्याचं गाडगं बाजूला सरकवलं आणि मधोमध, ऐन उबेत, आमचा डबा ठेवला. सोनं होतं ना आत.

"बेस जागा हाय का?" तिने विचारलं.

"एक नंबर जागा हाय," मी म्हणालो. बी.एस्सी. केमिस्ट्री.

डब्यावर थर्मामीटरचं चित्र होतं. दोन ते तीस डिग्री. ते साहेबांनी वाचलं नाही याचा मला राग नाही. ते वाचतात फक्त स्वतःचे मेल. पण माझ्या तर हातात होता डबा.

रस्ता नीट व्हायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस पट्ट्या मावशीच्या चुलीवर शेकल्या.

आता माझ्या मावसबहिणीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. ती एकोणीसची. मला दादा म्हणते, पण ज्या सुरात म्हणते त्यात मान फार नसतो. लहानपणापासून तिचे हातपाय अधूनमधून इतके दुखतात की ती दोन-तीन दिवस अंग मुडपून पडते. डोळे पिवळट. दिवाळीनंतर वांगणीतली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात, तिच्याही घरचे जातात. मागच्या सालाला ती भट्टीवर भर उन्हात विटा वाहताना आडवी झाली आणि चार दिवस उठली नाही. मुकादम म्हणाला नाटकं करते. तिच्या बापाने, माझ्या काकांनी, मुकादमाला उलट बोलायची सोय नव्हती, म्हणून ते पोरीला बोलले. या सालाला ती जाणार नाही म्हणून अडून बसली. शेवटी काकांनी ठरवलं, तपासणीत काही निघालं तर ती घरी राहील, नाही निघालं तर गुपचूप ट्रकात बसेल.

म्हणजे आमच्या डब्यातली एक पट्टी ठरवणार होती की ही पोर परत त्या उन्हात जाते का.

तपासणीच्या दिवशी चाळीसेक माणसं आली. मी बोटाला सुई टोचत होतो, साहेब पट्ट्या वाचत होते. पहिलीच पट्टी मला विचित्र वाटली. रक्ताचा थेंब पडतो त्याच्या जरा पुढे एक जांभळट डाग होता, तिथेच बसलेला. लाल रंग पुढे सरकायला हवा होता. जिथे रेघा यायच्या तिथे धुक्यासारखं काहीतरी.

"साहेब, पट्टी चालू असल्याची पहिली रेघच नीट येत नाय."

साहेबांनी पट्टी उजेडात धरली, मान वाकडी केली. "आहे, आहे. नीट बघ. फेंट लाइन इज अ लाइन."

"आणि सिकलची?"

"ती नाहीये. म्हणजे नॉर्मल." त्यांनी पांढरं कार्ड काढलं. आमच्याकडे पांढरं कार्ड म्हणजे निरोगी, पिवळं म्हणजे दोष अंगात आहे पण त्रास नाही, लाल म्हणजे आजारी.

दुसरं पांढरं, तिसरं पांढरं. दुपारपर्यंत सगळा पाडा पांढरा. साहेबांना इतका आनंद झालेला मी पगाराच्या दिवशीही बघितला नव्हता. ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, "झीरो पॉझिटिव्ह. आय मीन, इंटरेस्टिंग पॉकेट आहे हा." शंका नावाची गोष्ट त्या डोक्याला कधी भाडेकरू म्हणूनसुद्धा राहायला आली नसावी.

माझ्या बहिणीलाही पांढरं मिळालं. तिने ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं.

"दादा, काय लिवलाय?"

"नॉर्मल."

"म्हंजे मना काय झाला नाय?"

मागे काका उभे होते. त्यांनी कार्ड तिच्या हातातून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. "सोन्याच्या पट्टीनं सांगलाय," ते म्हणाले. "आथा काय बोलशील?"

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी हातातल्या पट्टीवरच्या जांभळ्या डागाकडे. तेव्हा मला फळ्यावरचा निळा खडू आठवला. लवकर आठवला म्हणायचं, चाळीस माणसं झाल्यावर.

मीठ कोणी टाकलं नव्हतं. पण प्रोटीनला उष्णता सोसत नाही, अंड्याच्या पांढऱ्याचं तव्यावर काय होतं ते बघा. सोन्यावरची गोधडी शेकून निकामी झाली, कण उघडे पडले, एकमेकांना चिकटले, गठ्ठे झाले आणि जागचे हलेनात. जे हललेच नाहीत ते रेघ कुठून काढणार. माझ्या बहिणीच्या रक्तात हिमोग्लोबिन चिकटून गठ्ठे करत होतं आणि ते पकडायला पाठवलेलं सोनं स्वतःच गठ्ठा होऊन दारात बसलं होतं.

जीपमध्ये बसायच्या आधी मी साहेबांना सगळं सांगितलं. माळा, चूल, नऊ दिवस.

"तू ओव्हरथिंक करतोयस. हे व्हॅलिडेटेड किट आहे."

"चुलीवर व्हॅलिडेट केलेलं नाय ना."

"डेटा अपलोड झालाय," साहेब म्हणाले. जसं काही डेटा अपलोड झाला की लोकांचं रक्तही त्याप्रमाणे सुधारून घेतं.

तेवढ्यात ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढला. "माझी करा."

"तुझी कशाला?" साहेब म्हणाले.

"मला पिवळं कार्ड आहे. सरकारी दवाखान्याचं. दोनदा तपासलंय."

मी तिथेच, बॉनेटवर, त्याच्या बोटाला टोचून पट्टी लावली. पंधरा मिनिटं आम्ही तिघं त्या पट्टीकडे बघत उभे. जांभळा डाग, धुकं, सिकलची जागा कोरी.

ड्रायव्हरने पट्टी बघितली. "बरा झालो मी," तो म्हणाला आणि गाडी चालू केली.

एवढ्यावर कोणताही माणूस गप्प झाला असता. साहेब म्हणाले, "एन इक्वल टू वन. एका सॅम्पलवरून काही प्रूव्ह होत नाही." नंतर, मोखाड्याच्या अलीकडे, बराच विचार करून, "आणि डबा तुझ्या नातेवाइकांकडे तू ठेवलास, हे मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. बघ बुवा."

मी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक वर केलं, भुवया वर केल्या आणि वांगणीच्या आशाताईला फोन लावला. गावातली आरोग्याची सगळी कामं तीच बघते.

"हॅलो, ॲक्च्युअली, आशाताई, आपण काय करूयात, कालची ती पांढरी कार्डं सगळी परत घेऊयात. किटमध्ये इश्यू होता. सगळ्यांना सांगा की तपासणी झालेलीच नाही असं समजा."

"बरं सायेब," ती म्हणाली. "आजच घेते."

संध्याकाळपर्यंत तिने एकेका घरातून कार्डं गोळा केली. काकांनी खिशातलं द्यायला खूप कुरकुर केली, पण साहेबांचा हुकूम म्हटल्यावर दिलं. नंतर आशाताईने माझ्याच नंबरवर फोन केला.

"घेतली कार्डं. आणि आवाज बेस काढतोस. पण तुझे सायेब मना 'आशाताई' कवा म्हनलेत? ते 'ए, मॅडम' म्हनतात."

"मग तुम्ही घेतली कशाला?"

"तुझ्या बहिणीला भट्टीवरून उचलून आणली तवा गाडीत मीच होते," ती म्हणाली.

कार्डांचा गठ्ठा साहेबांच्या टेबलावर पोचला तेव्हा त्यांच्याकडे दोन रस्ते होते. आपल्या आवाजात भलताच कोणीतरी बोलला हे कबूल करायचं, नाहीतर आपणच बोललो म्हणायचं. ते काय करतील याची मला अजिबात काळजी नव्हती. त्यांनी वर कळवलं की स्वतःच्या क्वालिटी चेकमध्ये दोष सापडल्यामुळे वांगणीची फेरतपासणी करत आहोत. वरून शाबासकी आली. त्याच दिवशी त्यांनी माझा करार संपवला, आणि तेव्हाही वाक्य 'आपण काय करूयात' यानेच सुरू केलं.

नवीन डबा यायला वेळ लागणार होता आणि दिवाळी जवळ आली होती. मी मावशीकडे गेलो, बहिणीला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात न्यायला. मावशी चुलीशी होती.

"डबा खराब निंगाला म्हनं."

"हो."

"कसा?"

मला तिथे वाट्टेल ते सांगता आलं असतं. कंपनीचा दोष, साहेबांचा दोष. साहेबांवर तर काहीही खपलं असतं. "तापला मावशी. वर चुलीची धग लागली."

तिने माळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी तुना इचारला व्हता."

"विचारलं होतंस. मीच बेस म्हणालो."

"मंग इतकी सालं शिकून काय शिकलास?" ती म्हणाली आणि भाकर उलटवली. मी आयुष्यात खूप जणांची टर उडवली आहे. एवढी सरळ, एवढी कमी शब्दांत मला कधी जमली नाही. मी खाली बसलो आणि भाकर खाल्ली.

जव्हारच्या दवाखान्यातल्या बाईंनी सोन्याबिन्याची भानगड केली नाही. एका नळीत औषधाचं पाणी, त्यात बहिणीच्या रक्ताचा थेंब. नळीमागे त्यांनी रेघांचा कागद उभा धरला. "रक्त चांगलं असेल तर पाणी स्वच्छ राहतं, मागच्या रेघा दिसतात. सिकल असेल तर ते प्रोटीन विरघळत नाही, गढूळ होतं. बघ तूच."

काकाही आले होते. त्यांनी नळीला डोळा लावला. पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं.

"रेघा कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

"मागंच हायेत, बा," बहीण म्हणाली. "तुना दिसत नाय."

पुढची तपासणी होऊन पक्कं कळायला आणखी काही दिवस गेले. पूर्ण सिकल. लाल कार्ड, रोजच्या गोळ्या, भरपूर पाणी, उन्हातलं जड काम बंद. आजार असल्याचा कागद हातात घेऊन इतकी मोकळी झालेली पोर मी दुसरी बघितलेली नाही. मला तिचा रागच आला. मग लक्षात आलं की एकोणीस वर्षं तिचं दुखणं फक्त तिलाच दिसत होतं. मी तरी कुठे मानलं होतं? लहानपणी तिच्या कण्हण्याची नक्कल करून मी पोरं हसवली आहेत. ती चांगली जमायची मला.

दिवाळीनंतर ट्रक आला. मी त्या दिवशी वांगणीत होतो, बिनकामाचा असल्यामुळे वेळच वेळ होता. मावशी भांडी चढवत होती. मुकादमाने माणसं मोजली आणि काकांना विचारलं, "पोरगी कुठाय? पाच सांगितली होतीस."

"चार," काका म्हणाले.

"परत नाटकं चालू झाली का तिची?"

काकांनी लाल कार्ड काढून मुकादमासमोर धरलं. मुकादमाने ते हातात न घेताच मान झटकली. वाचणं ही गोष्ट त्याच्याकडेही साहेबांइतकीच जुजबी असावी. काकांनी हात खाली केला नाही.

"आजारी हाय ती," ते म्हणाले. "खरी आजारी. नेत नाय तिना."

मुकादम काहीतरी पुटपुटत पुढच्या घराकडे गेला. बहीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. काका ट्रकात चढले, जागा करून बसले, परत उठले आणि फळीवरून वाकून तिला म्हणाले, "पानी पीत जा."

"व्हय," ती म्हणाली.

"गोळी चुकवू नको."

"व्हय, बा. जा आथा."